मुलीचं नाव 'आर्द्रा' ठेवायचंय, पण अर्थावरून घरात अडलंय

भोरची लेक

नमस्कार. मला मुलगी झाली आहे, आता चार आठवड्यांची आहे. तिला कावीळ झाल्यामुळे बाराव्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यातच होतो, बारसं राहून गेलं. आता सव्वा महिन्याचं निमित्त धरून पुढच्या रविवारी करायचं ठरलंय. पाळणा आला, घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवले, नाव मात्र ठरत नाही.

तिचा जन्म जूनच्या शेवटच्या आठवड्यातला, रात्री पावणेबाराचा. अमावास्या त्या दिवशी दुपारीच संपली होती, सासूबाईंनी पंचांगात दोनदा बघून खात्री करून घेतली. चंद्र आर्द्रा नक्षत्रात, तिसरं चरण. सूर्यही तेव्हा आर्द्रातच, म्हणजे बाहेर पाऊसही आर्द्राचाच लागलेला. गुरुजींनी अवकहडा चक्र पाहिलं आणि अक्षर सांगितलं, ङ. आर्द्राच्या चार चरणांची अक्षरं कु, घ, ङ, छ. त्यातलं नेमकं ङ आमच्या वाट्याला आलं. ङ वरून मराठीत एकही शब्द सुरू होत नाही, नाव कुठून आणायचं? गुरुजी म्हणाले, नावरस नाव पत्रिकेपुरतं असतं, हाक मारायला तुम्हाला आवडेल ते ठेवा. तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, मग नक्षत्राचंच नाव ठेवू. आर्द्रा.

नवऱ्याला आवडलं. सासूबाई गप्प झाल्या. रात्री तिला शेक देताना म्हणाल्या, "अगं, आर्द्रा म्हणजे ओली. पोरीचं नाव ओली ठेवायचं? आणि ते रुद्राचं नक्षत्र आहे, रुद्र म्हणजे रडवणारा. तीक्ष्ण नक्षत्र आहे ते. लक्ष्मीचं ठेव, सरस्वतीचं ठेव, नदीचं ठेव." त्या रागावून बोलत नव्हत्या. नातीच्या काळजीनेच बोलत होत्या, म्हणून मला उलट उत्तरही देता येईना. नणंदेला आत्या म्हणून कानात नाव सांगायचंय, तिला ते म्हणताच येत नाही. आद्रा, आरदा, अद्रा, सगळं होतं, आर्द्रा होत नाही. दीर म्हणाले, शाळेत पोरं हिला 'आर्द्रता ब्याण्णव टक्के' म्हणून चिडवतील.

आता मला हे नाव का हवंय ते सांगते. त्याशिवाय मी काय विचारतेय ते कळणार नाही.

माझं माहेर भोर तालुक्यात, वरंधा घाटाच्या अलीकडे. आमची भातशेती, इंद्रायणी आणि थोडा आंबेमोहोर. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर लावून रोपाची जागा भाजून काढायची आणि पावसाआधी तिथे धूळवाफेवर भात पेरायचं. मग सगळं मृगावर. मृग लागतं ७-८ जूनला. मी सातवीत होते त्या वर्षी मृगाची एकच सर आली. भात तेवढ्यावर उगवून आलं आणि मग पंधरा दिवस नुसता वारा. रोपाला पिवळी झाक यायला लागली. दुबार पेरायचं तर बियाणं उसनं आणायला लागणार, आणि त्या वर्षी सगळ्यांचंच तसं असल्यामुळे देणार कोण? माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, रोज संध्याकाळी रोपाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि तर्जनी मातीत खुपसायचे. बोट बाहेर काढून बघायचे, कुठल्या पेरापर्यंत माती चिकटली आहे. पहिल्या दिवशी दोन पेरं. मग दीड. मग एक. एका संध्याकाळी बोट कोरडंच बाहेर आलं, नुसती धूळ. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि काही बोलले नाहीत. आईने त्या रात्री भाकरी वाढली तर अर्धीच खाल्ली.

२१ की २२ जूनला आर्द्रा लागलं. आमच्याकडे आडदरा म्हणतात. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात वाहन बघितलं होतं, बेडूक होतं, म्हणजे पाऊस येणार. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. रात्री केव्हातरी कौलांवर आवाज सुरू झाला. टपटप नाही, एकदम सरळ धार. आप्पा उठले आणि घोंगडी न घेताच बाहेर गेले. सकाळी मी रोपाकडे गेले तर ते तिथेच उकिडवे बसले होते, अंगावरचं सगळं चिंब, आणि मला म्हणाले, "इकडं ये, बोट घाल." मी बोट घातलं. अख्खं आत गेलं, मुळापर्यंत. माती गार होती आणि बोटाभोवती घट्ट धरत होती. "ही बघ ओल," ते म्हणाले. "आडदरानं वाचवलं बघ."

माझ्यासाठी आर्द्रा म्हणजे ते. पण हे माझं झालं. मुलगी मोठी होईल पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. तिला माती, बोट, राब काही माहीत नसणार. लोक शब्दकोश उघडून बघतील तिथे लिहिलेलं असेल, ओला, दमट. मराठीत ओलं म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही. ओला दुष्काळ आहे, ओला कचरा आहे. मी माझ्या आठवणीचं ओझं तिच्या गळ्यात घालतेय का? नावाचा अर्थ कुणाचा धरायचा, कोशातला, पत्रिकेतला, की ज्याने ठेवलं त्याचा? ज्यांनी मुलांची वेगळी नावं ठेवली आहेत, किंवा ज्यांना स्वतःला असं नाव आहे, त्यांनी मनापासून सांगा. नाही ठेवू असं वाटत असेल तर तेही सांगा.

संस्कृतच्या बाई (निवृत्त)

ताई, अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांची शंका खरी आहे आणि तिला नीट उत्तर आहे.

रुद्र हा रुद् धातूशी जोडतात, रडण्याशी, हे बरोबर. आर्द्राची देवता रुद्र, हेही बरोबर. पण तैत्तिरीय ब्राह्मणात नक्षत्रांची स्तुती आहे, त्यात आर्द्राचं वाक्य काय आहे बघा: 'आर्द्रया रुद्रः प्रथमान एति, श्रेष्ठो देवानां पतिरघ्नियानाम्'. अघ्निया म्हणजे गाई. आर्द्रेबरोबर येणारा रुद्र तिथे गाईगुरांचा धनी म्हणून येतो. आणि ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात गृत्समद ऋषी त्याच रुद्राला म्हणतात, 'भिषक्तमं त्वा भिषजां शृणोमि', वैद्यांमधला सगळ्यात मोठा वैद्य तू, असं मी ऐकतो. कावीळ होऊन दवाखान्यातून सुखरूप घरी आलेल्या नातीच्या आजीला हे आवर्जून वाचून दाखवा. तीक्ष्ण हा मुहूर्त काढताना केलेला गट आहे, ज्येष्ठाही त्याच गटात आहे. शिवाय आजकाल दर सोसायटीत एक रुद्र खेळताना दिसतो. मुलाला चालतं ते मुलीला का चालू नये?

आता अर्थ. आर्द्र म्हणजे ओला, एवढ्यावर कोश थांबत नाही. ताजा, रसरशीत, कोवळा, मऊ, मायेने भरून आलेला, हे सगळे त्याचेच अर्थ. दयार्द्र, स्नेहार्द्र, करुणार्द्र हे शब्द आपण वापरतो त्यातला आर्द्र हाच. त्याच्या उलट शब्द शुष्क.

तुमच्या स्वयंपाकघरातही हा शब्द रोज आहे. संस्कृतात आल्याला आर्द्रक म्हणतात, त्याचंच झिजून आलं झालं. ओलं असतं तोवर आलं, वाळलं की सुंठ. आणि आणखी एक. प्राकृताच्या व्याकरणात हेमचंद्राने आर्द्र शब्दाची रूपं दिली आहेत, त्यात एक ओल्ल आहे. आपला ओला तिथून आला. म्हणजे तुमच्या आप्पांनी 'ही बघ ओल' म्हटलं आणि 'आडदरानं वाचवलं' म्हटलं, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपं त्यांच्या तोंडी आली होती. मराठी माणूस नात्याबद्दल बोलताना काय म्हणतो? ओलावा आहे. ओलावा राहिला नाही. मायेसाठी आपल्या भाषेने हाच शब्द निवडलाय.

नुसत्या अर्थाने नाव तोलायचं तर अपर्णा कुणी ठेवलं नसतं. अपर्णा म्हणजे पान नसलेली. पण पार्वतीने तप करताना झाडाचं गळून पडलेलं पानही खाल्लं नाही, ही कथा त्यामागे आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण ते प्रेमाने ठेवतो. नावाला कथा लागते आणि तुमच्याकडे ती आहे.

गुरुजींना एक विचारा. ङ, ञ, ण आले तर त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत असं जुन्या ज्योतिषग्रंथांत सांगितलंय. म्हणजे नावरस नाव ग वरून ठेवता येईल. गौरी ठेवा पत्रिकेत, सासूबाईंचंही मन राहील.

ऋ वाली

मी वेगळं मत देते, राग मानू नका.

माझं नाव ऋ वरून सुरू होतं. नाव सुंदर आहे, मला आवडतं, वडिलांनी हौसेने ठेवलं. पण दहावीच्या गुणपत्रिकेत इंग्रजी स्पेलिंग आर-यू, पॅन कार्डावर आर-आय, आधारवर तिसरंच. पगाराचं बँक खातं उघडताना प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. लग्नानंतर राजपत्रात नाव बदलून घेतलं तेव्हा मूळ नावात पुन्हा एक अक्षर चुकलं आणि सगळं परत केलं. आयुष्यातले किती दिवस मी खिडक्यांपुढे फक्त माझं नाव सांगण्यात घालवले ते मलाच माहीत. म्हणून मी माझ्या मुलाचं नाव दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेलं ठेवलं, आणि मला त्याचा आनंद आहे.

शिवाय मी आता दुसरीच्या वर्गाला शिकवते. र्द्र लिहायचं म्हणजे द, त्याच्या पोटाखाली तिरकी रेघ, वर रफार. एका अक्षरात दोन र, एक डोक्यावर, एक पायाशी. मोठ्यांचा रफार चुकतो, सहा वर्षांच्या मुलीने रोज वहीवर आधी हेच लिहायचं. वर्गातली मुलं सगळ्यात आधी आपलं नाव लिहायला शिकतात, त्यात त्यांना केवढा आनंद असतो. हिचा तो आनंद थोडा उशिरा येईल.

तरीही ठेवणार असाल तर कागद नीट करा. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, ती दवाखान्यातून झाली असेल. नाव नंतर घालता येतं, एक वर्षापर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारशाच्या दुसऱ्या दिवशी धावत जायची गरज नाही, पण ढकलूही नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागतो, तिथे जे छापलं गेलं ते कायमचं. इंग्रजीत सुरुवातीला एक ए की दोन, ते आजच ठरवा आणि घरात सगळ्यांना लिहून द्या. आणि १ मे २०२४ नंतरच्या मुलांचं पूर्ण नाव आपल्या राज्यात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लागतं. ते चारही शब्द एकत्र मोठ्याने म्हणून बघा. एकटं नाव गोड वाटतं आणि चौघांच्या रांगेत अडखळतं, असं होतं.

डोंबिवली ते त्रिशूर

मी डोंबिवलीची, सासर त्रिशूरचं. ताई, तुम्ही ज्याला अवघड नाव म्हणताय ते केरळात नेहमीचं आहे! माझ्या पुतणीच्या वर्गात दोन आर्द्रा होत्या. तिथे कुणी वळूनही बघत नाही.

आर्द्रा नक्षत्राला मल्याळममध्ये तिरुवातिरा म्हणतात. धनु महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्या नक्षत्राला बायकांचा मोठा सण असतो. आदल्या रात्री सुरण, अळकुड्या, रताळी असे कंद निखाऱ्यावर भाजून त्यात गूळ, नारळ घालून एट्टंगाडी करतात. उपवासाला भात नसतो. रात्री अंगणात दिवा लावून त्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवत नाचतात, आपल्या मंगळागौरीसारखंच. माझ्या पहिल्या वर्षी पांढरी कसवू साडी नेसून मी त्या फेरात उभी होते, एकही गाणं येत नव्हतं, आणि शेजारच्या काकू प्रत्येक टाळीला माझा हात धरून दिशा दाखवत होत्या. शिवासाठीच असतो तो सण. सासूबाईंना सांगा, तिकडे या नक्षत्राच्या नावाने बायका नवऱ्याला आयुष्य मागतात. तीक्ष्ण म्हणून कुणी घाबरत नाही.

नणंदेचा प्रश्न सोपा आहे. आर् म्हणून थांबायला सांगा, मग द्रा. आर्-द्रा. दहा वेळा म्हटलं की बसतं. माझी आई आठवड्यात शिकली.

आकाशवेडा

थोडं वरचं सांगतो. मृग नक्षत्रातले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे व्याधाचा बाण. त्या पायांपैकी जो तांबूस दिसतो तो काक्षी, आर्द्राचा तारा. आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल एवढा मोठा. २०१९ च्या शेवटी तो एकदम मंदावला होता, आम्ही रोज रात्री गच्चीवर जाऊन शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचो. फेब्रुवारी २०२० नंतर परत उजळला. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा मध्ये आला होता.

तुमची मुलगी जन्मली तेव्हा सूर्य त्याच भागात होता, त्यामुळे तारा दिसत नव्हता. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेकडे बघा. पुण्याच्या उजेडातही तो दिसतो, शोधावा लागत नाही. स्वतःच्या नावाचा तारा गॅलरीतून बोटाने दाखवता येणं किती मुलांच्या नशिबी असतं?

भोरची लेक

सगळ्यांना मनापासून नमस्कार. ऋ ताई, राग अजिबात नाही, तुमचंच उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. चार शब्द एकत्र म्हणून बघितले. माझ्या नावाची तीन अक्षरं, यांची चार, आणि आडनावात पुन्हा जोडाक्षर. खरंच अडखळतं. पण चार-पाच वेळा म्हटल्यावर लक्षात आलं, अडखळतं ते आडनावाशी, तिच्या नावाशी नाही. इंग्रजीत सुरुवातीला दोन ए ठरले आणि यांनी ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. वहीवर ते दोन र लिहिताना ती रडली तर मी शेजारी बसेन, एवढंच आज कबूल करू शकते.

बाई, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'भिषक्तमं' त्यांनी परत वाचायला लावलं आणि अर्थ दोनदा विचारला. काही बोलल्या नाहीत. आज सकाळी चहासाठी आलं ठेचताना खलबत्त्यातून वर न बघता म्हणाल्या, "हे पण आर्द्राच म्हणायचं का मग?" मी हो म्हटलं. पत्रिकेत गौरी ठेवायचं ठरलं. गुरुजींना फोन त्यांनीच केला.

नणंद ओट्यापाशी उभी राहून आर्, द्रा, आर्, द्रा करतेय. काल रात्रीपासून जमतंय तिला, फक्त पाळण्याशी वाकून हळू आवाजात म्हणायला गेली की द हरवतो.

आप्पांना मी आतापर्यंत सांगितलंच नव्हतं. घरात ठरत नसताना त्यांच्या कानावर घालायचं नव्हतं. आज दुपारी फोन केला, ते शेतावरच होते, मागे चिखलणीचा आवाज येत होता. म्हटलं, आप्पा, नाव ठरलं, आर्द्रा ठेवतोय. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांनी विचारलं, "कोणतं, आपलं आडदरा?"

हो, म्हटलं.

"मग मला तुमच्यासारखं म्हणायला नाही यायचं."

म्हटलं, तुम्ही आडदराच म्हणा. वरच्या दोन खाचरांची लावणी राहिली आहे, ती शनिवारपर्यंत उरकून रविवारी पहाटेच्या एसटीने येतो म्हणाले.